नमुन्याची भिंत

माझी नात दगड-विटांच्या कंपनीत नोकरीला लागली त्या दिवशी मी शिरा केला. सून म्हणाली, माझं डाएट आहे. मुलगा म्हणाला, नंतर खातो. नातीने मात्र पोटभर खाल्ला आणि कढईही खरवडून ठेवली. त्या शिऱ्यावरूनच मला कळायला हवं होतं की या घरात कोण कुठे उभं आहे.

आम्ही गवंडी. सासरा गवंडी, नवरा गवंडी, आणि मी लग्न करून आले ती डोक्यावर घमेलं घ्यायलाच. चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, आणि मुलीला तेवढं लांब कोणी पाठवत नसे. सांगलीकडे आम्ही बांधलेली घरं अजून उभी आहेत. आम्ही दोघांनी एक गोष्ट पक्की ठरवली होती, मुलाला या कामाचा वारा लागू द्यायचा नाही. तो साइटवर डबा घेऊन आला तरी नवरा त्याला उन्हातून हाकलायचा, जा, अभ्यास कर. त्याने केला. पुण्याला शिकला, कम्प्युटरमध्ये लागला, अमेरिकेत आला, टेक्सासमध्ये प्लेनोला मोठं घर घेतलं. नवरा गेल्यावर मलाही घेऊन आला. इथपर्यंत सगळं आमच्या मनासारखं झालं.

मग त्याच्या एकुलत्या एका मुलीने कॉलेजात बांधकामाचा विषय घेतला. आईबापांना वाटलं, उतरेल खूळ. उतरलं नाही. ती एका कंपनीत एस्टिमेटर झाली. ही कंपनी दुसरं काही करत नाही, फक्त दगड, विटा आणि ठोकळ्यांच्या भिंती. सून फोनवर कोणाला सांगायची तेव्हा "ती मॅनेजमेंटमध्ये आहे" म्हणायची आणि लगेच भाजीचा विषय काढायची. मुलगा तेवढंही सांगत नसे.

संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर कम्प्युटरचे दोन पडदे मांडून बसायची. मी शेजारी भाजी निवडत बसायचे.

"आजी, हे बघ. ही बिल्डिंग अजून नाहीये. फक्त ड्रॉइंग आहे. मला सांगायचंय, ब्रिक किती, मॉर्टर किती, मेसन्स किती आणि किती वीक्स लागतील."

"आणि चुकलीस तर?"

"कमी सांगितलं तर आम्ही बुडणार. जास्त सांगितलं तर काम दुसऱ्याला जाणार."

"तुझा आजा हे मनातल्या मनात करायचा."

"आणि बरोबर यायचं?"

"कधी कधी. नाहीतर बुडायचा."

ती खूप हसली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं म्हणे, माझ्या आजोबांचा रेकॉर्ड आपल्या कंपनीसारखाच होता.

माझं जुनं ज्ञान इथे काही कामाचं नाही हे मला लवकर कळलं. आमच्याकडे भिंत घर तोलते. इथे घर लाकडाचं, आणि वीट त्याला बाहेरून लावलेली. आत बोटभर पोकळी. मी नातीला म्हटलं, मग ही भिंत नाही, घराला घातलेला सदरा आहे. ती म्हणाली, "एक्झॅक्टली आजी, सदराच." एकदा तिने मला साइटवरही नेलं. तिथला मिस्त्री मेक्सिकोचा, पिकलेल्या मिशांचा. त्याने मला सावलीत खुर्ची दिली. ओळंबा होता, पण तो खिळ्याला टांगलेला. खरं काम एक लाल उजेडाची रेघ करत होती. त्याने माझे हात पाहिले, मी त्याचे पाहिले. भाषा नव्हती, आणि बोलण्यासारखंही फार नव्हतं.

नातीला मात्र नुसतं मोजत बसायचं नव्हतं. तिला प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचं होतं.

"एस्टिमेटर भिंत मोजतो. प्रोजेक्ट मॅनेजर ती उभी करून घेतो. माणसं, सामान, वेळ, भांडणं, सगळं त्याच्याकडे."

"म्हणजे मुकादम."

"मुकादम विथ ईमेल."

तिच्या कंपनीचा मालक म्हातारा गोरा माणूस. कमी बोलणारा. त्याने तिला सांगून ठेवलं होतं, तू स्वतः एक काम मिळवून आण, ते मी तुझ्याच हातात देईन. तोपर्यंत टेबलावर बसून मोज. तिच्याबरोबर लागलेली दोन मुलं आधीच साइटवर गेली होती. ही रोज सकाळी त्यांची ड्रॉइंगं मोजायची आणि घरी येऊन मला सांगायची, आज अमक्याची भिंत वर आली. स्वतःची एक भिंत, एवढंच तिला हवं होतं. बाकी काही नाही.

आता मंदिराचं सांगते. इथल्या मराठी लोकांनी मिळून एक मंदिर बांधायला घेतलं होतं. आतलं सभागृह तयार होतं. बाहेरची दगडी भिंत आणि कमान राहिली होती. त्याची एक कमिटी होती आणि माझा मुलगा त्या कमिटीत होता. कमिटीचे अध्यक्ष नागपूरकडचे. रिटायर झालेले, मोठ्याने हसणारे, सगळ्यांच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरणारे. सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. मला ते मावशी म्हणतात.

एका रविवारी ते जेवायला आले. तिसरी भाकरी घेताना त्यांनी विषय काढला.

"काय रे, आपल्या घरातच मेसनरीची कंपनी आहे यार, आणि आपण बाहेर कशाला शोधतोय?"

मुलगा पाणी पीत होता. तो म्हणाला, "काका, तिची कंपनी नाही. ती तिथे जॉब करते."

"तेच रे. मुलगी तर आपली आहे ना? काय गं, करशील का देवाचं काम?"

नात ताठ बसली. "काका, नक्की करेन. पण ड्रॉइंग्ज लागतील. आणि तुम्हाला काय हवंय ते एकदा फायनल सांगा."

"आम्हाला किल्ल्यासारखी भिंत पाहिजे. बघणाऱ्याची छाती दडपली पाहिजे."

"ओके. आणि बजेट?"

काकांनी सांगितलं. नातीने डोळे मिटले. "काका, किल्ला हवाय आणि बजेट फेन्सचं आहे."

सगळे हसले. मुलगाही हसला. मी त्याच्याकडे पाहत होते म्हणून सांगते, तो सगळ्यात शेवटी हसला.

तिने त्या कामात जीव ओतला. कंपनीचं काम संपवून मंदिराच्या जागेवर जायची. इथली माती चिकट काळी आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर भिंत नुसती ठेवली तर चिरते. त्याचा तोडगा तिने कंपनीतल्या लोकांना विचारून काढला. किल्ल्याचा दगड परवडणार नव्हता, म्हणून तिने टेक्सासचा पिवळट दगड शोधला. कुठे मोठा लावायचा, कुठे लहान, म्हणजे लांबून किल्ला वाटेल आणि पैसे कुंपणाचे लागतील, हे सगळं तिने चित्र काढून कमिटीला दाखवलं. काका म्हणाले, वा. सगळे म्हणाले, वा.

मग दिवाळीचा कार्यक्रम झाला. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, बास्केटबॉलच्या जाळ्या वर दुमडून ठेवलेल्या, खाली सतरंज्या आणि घडीच्या खुर्च्या. नाच झाले, नाटुकलं झालं. मग काकांनी माइक घेतला आणि नातीला स्टेजवर बोलावलं. तिला शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "आपल्या मंदिराची भिंत आपलीच लेक बांधणार आहे! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. माझ्या मुलाने खुर्चीवरून उठून फोनवर व्हिडिओ काढला.

आता मी त्या नारळाकडे कसं पाहिलं ते कळायला हवं. आमच्याकडे गवंड्याला काम देताना कागद नसे. पाया आखायच्या दिवशी घरमालक चार माणसांसमोर गवंड्याला टोपी, टॉवेल आणि नारळ द्यायचा. तो नारळ खायचा नसतो. पहिला दगड बसला की त्यावर फोडायचा. नारळ हातात आला की काम त्याचं. मग मालकाचा मेव्हणा गवंडी निघाला तरी काम फिरत नसे. एका मालकाने फिरवलं होतं, तर आसपासच्या एकाही गवंड्याने त्याच्या भिंतीला थापी लावली नाही. त्याला लांबून माणूस आणावा लागला आणि तो येईपर्यंत एक पावसाळा गेला.

घरी आल्यावर मी तो नारळ माझ्या खोलीत फळीवर ठेवला. सून सोलायला निघाली होती. मी म्हटलं, शेंडीला हात लावायचा नाही, हा कामाचा नारळ आहे.

नातीने विचारलं, "आजी, म्हणजे काम मिळालं?"

"मिळालं. चार माणसांसमोर दिलाय. इथे तर चारशे होते."

"पण माझा बॉस लेटर मागेल. साइन केलेलं. मी काकांना ईमेल करू?"

"आपल्या माणसांकडे कागद मागतेस? नारळ दिल्यावर? तोंडावर थुंकल्यासारखं होईल ते."

मुलगा सोफ्यावर बसून व्हिडिओ पाहत होता. हे सगळं त्याने ऐकलं. तो या देशात इतकी वर्षं राहिलेला माणूस. त्याने मान वर केली नाही. "आई, इथे असं नसतं" हे एक वाक्य तो मला दर दोन दिवसांनी ऐकवतो, भाजी घेण्यापासून शेजारणीशी बोलण्यापर्यंत. त्या दिवशी ते त्याला सुचलं नाही.

नातीने मालकाला सांगितलं, काम मिळालं, सगळ्या समाजासमोर जाहीर केलंय. मालकाने विचारलं, कागद? ती म्हणाली, येईल, ही आमची माणसं आहेत. मालकाने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. ते काम तिच्या नावावर लावलं आणि तो पिकल्या मिशांचा मिस्त्री आणि त्याची माणसं तिच्यासाठी राखून ठेवली.

इथे काम सुरू होण्याआधी एक नमुन्याची भिंत बांधतात. माणसाच्या उंचीची, एवढीशी, मोकळ्या जागेत एकटीच उभी. दगड कसा, दोन दगडांमधल्या दरजा किती रुंद, सिमेंटच्या मालाचा रंग कुठला, सगळं तिच्यात दाखवायचं. घेणाऱ्याने ती पसंत केली की पुढची सगळी भिंत तिच्यासारखी व्हायला हवी. काम संपलं की ती पाडून टाकतात. नातीने मंदिराच्या जागेवर अशी भिंत उभी करून घेतली. थंडीचे दिवस होते. तिने डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलं होतं आणि मिस्त्रीशी मोडक्या स्पॅनिशमध्ये वाद घालत होती. एक दगड तिने तीनदा काढायला लावला. मिस्त्री मला डोळ्याने म्हणाला, काय पोरगी आहे. मी मान हलवली. तेवढं भाषेशिवाय जमलं.

कमिटी बघायला आली. सगळ्यांनी त्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढले. काकांनी दगडावर हात फिरवला. "अशीच पाहिजे. अगदी अशीच."

मग गप्प. जानेवारी गेला. नात फोन करायची, काका म्हणायचे, परमिटचं चाललंय. फेब्रुवारीत म्हणाले, डोनरचं चाललंय. तिचा मालक रोज विचारायला लागला. मिस्त्रीची माणसं कामावाचून बसून होती. दुसरीकडचं एक काम मालकाने त्यांच्यासाठी सोडलं होतं. नात घरी आली की बापाला विचारायची, "बाबा, कमिटीत काय चाललंय?" बाप म्हणायचा, "मी त्या डिस्कशनमध्ये बसत नाही. माझीच मुलगी, कॉन्फ्लिक्ट होतो."

मार्चमध्ये ती ऑफिसातून मंदिरावरून आली, कारण रस्ता तिथूनच जातो. तिथे दुसऱ्या कंपनीचे ट्रक उभे होते. पाया खणत होते. तिने गाडी थांबवली. तिकडचा मुकादम हातात फोन घेऊन तिच्याच नमुन्याच्या भिंतीपुढे उभा होता आणि आपल्या माणसांना बोटाने दाखवत होता, दरज एवढी, दगड असा.

ती घरी आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तिने एवढंच सांगितलं आणि आपल्या खोलीत गेली. दार लावताना म्हणाली, "यू टोल्ड मी नॉट टू आस्क, आजी."

एकदाच म्हणाली. पुन्हा कधी म्हणाली नाही. पण म्हणाली.

कंपनीत तिला काढलं नाही. मालकाने फक्त तिला परत टेबलावर बसवलं. सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं, आधी कागद, मग दगड, मग भिंत, हे शीक. बरोबरची मुलं साइटवर आणि ही पुन्हा त्यांच्या भिंती मोजायला. मिस्त्री तिला ओळख द्यायचा, पण लांबून. त्याच्या माणसांची मजुरी गेली होती.

त्या नारळाकडे पाहून मी रोज विचार करायचे की काका एवढे कसे फिरले. माणूस लोभी असेल, भित्रा असेल, पण चारशे जणांसमोर दिलेलं? आमच्या तिकडे असता तर त्याला बाजारात तोंड दाखवता आलं नसतं. इथे मात्र कोणालाच त्यात काही वाटलं नाही. देवळात गेले की बायका विचारायच्या, मावशी, भिंत किती छान होतेय नाही? मी म्हणायचे, हो, बघा डोळे भरून.

उन्हाळ्यात काका पुन्हा घरी आले. मुलगा ऑफिसात होता, सून बाहेर गेली होती. मी चहा ठेवला. ते आपणहून स्वयंपाकघरात आले आणि डबा उघडून चिवडा घेतला.

"मावशी, तुम्ही रागावल्यात म्हणे."

"नारळ दिला आणि काम काढून घेतलं. रागावू नको तर काय करू?"

"कुठला नारळ?"

"दिवाळीला. स्टेजवर."

ते खरोखर आठवत होते. कपाळाला आठ्या घालून. मग हसले. "अहो मावशी, शाल-नारळ तर आपण सगळ्यांनाच देतो! त्या दिवशी साउंडवाल्याला पण दिला होता. नारळाचं खोकंच येतं दुकानातून."

मी चहा गाळत होते. गाळणं तसंच हातात राहिलं.

"आणि तुम्ही बोललात ते? आपलीच लेक बांधणार?"

"बोललो ना. मनापासून बोललो. आम्ही तर तिलाच देणार होतो हो. रेट थोडा जास्त होता, पण आपली मुलगी, चालवून घेतलं असतं. तुमच्या मुलामुळे अडलं." मग त्यांचा चेहरा एकदम भक्तासारखा झाला. "मावशी, खरं सांगतो, तुमच्यासारखी आई असल्यावरच असा मुलगा होतो. मीटिंगमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या मुलीला देऊ नका. दुसऱ्या कंपनीला द्या. त्यानेच शोधून आणली होती ती कंपनी. नमुना तयार आहे, त्याच्याप्रमाणे करून घ्या म्हणाला. एवढा निःस्वार्थी माणूस मी बघितला नाही. स्वतःच्या पोरीचं काम! कोण करतं असं आजकाल?"

"कोणी करत नाही," मी म्हटलं आणि त्यांना चहा दिला. त्यांनी तो पिऊन आणखी मागितला.

मुलगा संध्याकाळी आला आणि नेहमीप्रमाणे मागे गेला. इथे उन्हाळ्यात माती एवढी आकसते की घराचा पाया हलतो. म्हणून लोक घराच्या कडेने नळी टाकून पायाला पाणी घालतात, झाडाला घालावं तसं. तो वाकून नळी सरळ करत होता. मी दारात उभी राहिले.

"मीटिंगमध्ये उभा राहिलास म्हणे."

त्याने वर पाहिलं. "कोणी सांगितलं?"

"तुझं कौतुक करणाऱ्याने."

त्याने नळी थोडी पुढे ओढली. मग म्हणाला, "आई, कमिटीत बसून मुलीला काम दिलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

"मग कमिटी सोडायचीस. नाहीतर पहिल्या दिवशी नाही म्हणायचंस. भाकरी खाताना म्हणायचंस. ती नमुना बांधेपर्यंत वाट पाहिलीस."

"तुला कळत नाही."

"मला चौथीपर्यंतचंच कळतं. तेवढ्यात बसेल असं सांग."

मग तो बोलला. भराभर बोलला, जसा लहानपणी मार खायच्या आधी बोलायचा. "मला वाटलं, एक फटका बसला तर ती हे सोडेल. मास्टर्स करेल, डेटा सायन्स, काहीही. मी तुला डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढताना पाहिलंय. बाबांची बोटं चुन्याने फुटलेली पाहिलीत. तुम्ही मला त्यातून बाहेर काढलंत, आणि माझी मुलगी परत तिथेच? साइटवर, चिखलात, त्या माणसांबरोबर?"

"कुठल्या माणसांबरोबर?"

तो पुन्हा नळीकडे वाकला.

"ती चिखलात बूट घालून उभी राहते. मी अनवाणी होते. आणि तू म्हणतोस ती माणसं म्हणजे आम्ही. तुझा बाप अशिक्षित होता, दारूही प्यायचा, पण नारळ घेतलेल्या माणसाच्या पाठीमागे तो कधी दुसऱ्या गवंड्याला घेऊन गेला नाही."

"मी तिच्या भल्यासाठी केलं."

"तिला विचारून कर ना मग."

त्याने नळ बंद केला. जमीन ओली झाली नव्हती, तरी बंद केला आणि आत गेला.

मी नातीला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सांगितलं. सून माझ्यावर संतापली, "आई, कशाला सांगितलंत, घर फोडायचंय का?" मी म्हटलं, घर मी फोडलं नाही, मी फक्त चीर दाखवली. नात ऐकून घेत होती. रडली नाही. म्हणाली, "बाबांनी मला त्याच वीकमध्ये ग्रॅड स्कूलच्या लिंक्स पाठवल्या होत्या. मला वाटलं, कोइन्सिडन्स." महिनाअखेरीस तिने ऑफिसजवळ एक खोली घेतली. सामान न्यायला मिस्त्री स्वतःचा ट्रक घेऊन आला. बाप त्या वेळी घरात होता. वर, कम्प्युटरपुढे. मीटिंग चालू आहे, असं त्याने आतून सांगितलं.

मंदिराची भिंत झाली. चांगली झाली, खोटं कशाला बोलू. दगड तिचा, मांडणी तिची. उद्घाटनाला म्हाताऱ्या माणसांचा सत्कार ठेवला होता. मुलगा म्हणाला, आई, तुझंही नाव दिलंय, शाल-नारळ आहे. मी म्हटलं, साउंडवाल्याला द्या. मी गेले नाही. नमुन्याची भिंत त्यांनी आदल्या दिवशी पाडली, आवारात कचरा नको म्हणून.

फळीवरचा नारळ तोपर्यंत आतून सुटून खडखडायला लागला होता. एक दिवस मी तो खाली घेतला आणि ओट्यावर फोडला. खोबरं वाळलं होतं, पण चांगलं होतं. कांद्याबरोबर भाजून वाटण केलं आणि आमटीत घातलं. नारळाचा काही दोष नव्हता. मुलाने दोनदा आमटी घेतली. छान झालीय म्हणाला. मी सांगितलं नाही कुठला नारळ ते. सांगून त्याला कळलं असतं असं वाटत नाही.

त्याच्याशी मी बोलते. मीठ दे, औषध आण, दार लाव, एवढं बोलते. त्याच्या घरात राहते, त्याचं अन्न खाते. जाणार कुठे? तो समजतो की मी विसरले. विसरण्याएवढी मी शिकलेली नाही.

या वर्षी नातीला एका लहान गावातल्या फायर स्टेशनचं काम मिळालं. तिने स्वतः मोजलं, स्वतः बिड लावलं, आणि मालकाने ते तिच्या हातात दिलं. विटांचं आहे, दगडाचं नाही. लहान आहे. तिने फोन केला, "आजी, शनिवारी ये. मॉकअप बघायला. मी घ्यायला येते."

मी विचारलं, "नारळ आणू?"

"नको आजी. साइन झालंय."

शनिवारी तिने गाडी साइटवर उभी केली. मोकळ्या जमिनीत लाल विटांची नमुन्याची भिंत उभी होती, माझ्या खांद्याएवढी. मिस्त्रीने खुर्ची आणली. मी बसले नाही. नातीला म्हटलं, "आधी तो कागद दाखव."

ती हसली नाही. तिने फोन काढला, बोटाने पानं सरकवली आणि शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. मला इंग्रजी वाचता येत नाही. चष्मा लावून खालच्या दोन सह्या तेवढ्या पाहिल्या. एक वाकडीतिकडी, कोणा परक्या माणसाची. एक तिची.

"बरं," मी म्हटलं. "आता भिंत बघू."